एका बाटलीतले दोन चमचे

१

पौषातल्या एका गुरुवारी सकाळी आठ वाजता मोतीरामभाऊ आपल्याच अंगणात पडलेले सापडले. ओठ सुजून टम्म, जीभ पांढरीफटक, अंग घामाने चिंब. पण धावत आलेली माणसं दोन पावलं मागे सरली ती वेगळ्याच कारणाने. बेशुद्ध माणसाच्या तोंडातून सुगंध येत होता. ओवा, कापूर आणि उन्हाने तापलेलं रान एकाच खलात कुटावं तसा. मी पंधरा हातांवर होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांचा बोका तर त्या दिवसापासून दर सूर्योदयाला तीनदा शिंकतो.

मी निवृत्ती, त्यांचा शेजारी. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. जळगाव जामोदच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे आणि या गावात मला थापाड्या म्हणतात. म्हणोत. थापेत एक तरी दाणा खरा लागतो, नाहीतर ती उगवत नाही. आता त्या आठवड्यातल्या थंडीचंच घ्या. डोंगरावरून असा गारठा उतरला होता की माझ्या खोबरेलाच्या बाटलीतून तेल निघेना. बाटली उलटी करून मी अर्धा तास टकलावर धरली, टिपूस नाही. शेवटी बायकोने बाटली फोडून विळीवर तेलाच्या फोडी केल्या आणि त्यातली एक डोक्यावर घासून मी बाहेर पडलो. हसलात ना? हसा. पुढे आठवण करून देईन.

मोतीरामभाऊंच्या तोंडाला येणारा वास मात्र सगळ्या गावाच्या ओळखीचा होता. तो त्यांच्या सुनेच्या तेलाचा होता.

सून अर्पिता, राजकुमारची बायको. माहेर अमडापूरचं, शिक्षण शेतकीचं. तिने दोन वर्षांपूर्वी अर्धा एकर ओरेगॅनो लावला. पिझ्झ्याबरोबर पुडीत येतो तो पाला. गावाने त्याला ‘विलायती ओवा’ करून टाकलं. मग तिने परसात पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी बसवली. खाली उकळतं पाणी, वर पाला, आणि वाफ नळीतून थंड होत बाहेर. पहिल्या दिवशी आम्ही दहा-बारा जण बघायला जमलो. बैलगाडीभर पाला आत गेला. दुपारभर आम्ही त्या नळीच्या तोंडाकडे बघत बसलो, आणि संध्याकाळी हाती आलं ते पाण्याच्या अर्ध्या बाटलीएवढं पिवळं तेल. बस. अख्खं वावर बाटलीत येऊन बसलं होतं. मी आयुष्यभर लहानाचं मोठं करून सांगत आलो, पण एवढं मोठं इतकं लहान झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.  आमच्यातल्या म्हाताऱ्या पंजाबरावांनी तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

त्या तेलाचा एक थेंब, चमचाभर खोबरेलात. अर्पिता हेच सांगायची, सगळ्यांना आणि प्रत्येक वेळी. मोतीरामभाऊंना तीन आठवडे खोकला होता. त्यांना साखरेची गोळी चालू म्हणून तिने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर म्हणाले थेंबाच्या पुढे जाऊ नका. तिने तपकिरी बाटलीत त्याच मापाने तेल मिसळून दिलं. रोज न्याहारी झाल्यावर अर्धा चमचा. मोतीरामभाऊ कुरकुरायचे. हा माणूस खताचं एक पोतं सांगितलं तर दोन टाकणारा, भाजीत मूठभर तिखट लागलं तर दोन मुठी घालणारा. ते मला म्हणाले होते, “एका थेंबानं चिमणीचा खोकला जाईल, निवृत्ती. माहा नाई जात.”

गुरुवारी त्यांना खामगावच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. घसा आतून भाजून आवाज गेला होता आणि त्यात रक्तातली साखर एकदम खाली उतरली होती. डॉक्टरांनी एकच विचारलं, या माणसाच्या पोटात निखळ तेल कोणी घातलं?

२

त्यांच्या खाटेजवळ तपकिरी बाटली आणि चमचा सापडला होता. म्हणजे भाऊंनी पहाटे आपल्या हाताने बाटलीतलं घेतलं हे उघड होतं. सुभद्राबाईंनी, त्यांच्या बायकोने, छाती पिटत सांगितलं की बाटली सुनेने भरली, मग आतलं काय ते तिलाच ठाऊक.

तेवढ्यात कुलदीप आला. हा मोतीरामभाऊंचा पुतण्या, खामगावला त्याचं दुकान आहे. दहाच्या बसने उतरला, सगळं ऐकलं आणि भर दुपारी बारा वाजता अंगणात पंधरा-वीस माणसांसमोर तीच बाटली उचलली. तीच, कारण तिच्या गळ्यात भाऊंनी बांधलेला लाल दोरा होता. या तेलाने कोणाला काही होत नसतं म्हणत मोठा चमचा भरला आणि गिळला. आम्ही श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिलो. मी तर मनात त्याच्या तेराव्याचं जेवण ठरवून टाकलं होतं.

कुलदीपला फक्त ढेकर आला.

आणि त्या ढेकराने अर्पिताचा घात केला. बाटली निर्दोष ठरली. मग निखळ तेल दुसऱ्या वाटेने गेलं असणार, चहातून. चहा कोण करतं? सून. तेवढ्यात अर्पिताने स्वतःच आणखी एक गोष्ट सांगितली. निखळ तेलाच्या बाटलीवर ती कागदाची पट्टी चिकटवून पातळीची खूण करते. त्या खुणेपेक्षा तेल खाली गेलं होतं, एका मोठ्या चमच्याएवढं. बाटली तिच्या खोलीतल्या कपाटात असते. त्या खोलीत तिच्याशिवाय आणि राजकुमारशिवाय कोणी पाऊल टाकत नाही, आणि राजकुमार रात्रपाळीच्या विजेमुळे वावरात पाणी देत होता. खरं बोलून तिने आपल्याच गळ्यात फास अडकवला.

संध्याकाळपर्यंत ठरलं. रविवारी सकाळी अमडापूरहून तिचा भाऊ येईल आणि तिला घेऊन जाईल. भट्टी मोडायची, ओरेगॅनोवर रोटाव्हेटर फिरवायचा. पोलिसांत जायचं नाही, एवढा उपकार. राजकुमार खाली मान घालून उभा होता, आईचं खोटं म्हणवेना आणि बायकोचं खरं म्हणवेना. आमच्याकडे एकदा बाई सासऱ्याला विष घालणारी म्हणून घरी गेली की पुढची पन्नास वर्षं तिचं दुसरं काही नाव उरत नाही.

शुक्रवारी सकाळी मी शेडवरून जात होतो तेव्हा अर्पिता भट्टी पुसत होती. दोन दिवसांनी मोडणार होती ती भट्टी.

“निवृत्तीकाका,” ती म्हणाली, “तुमी सगळ्यायले खोट्या गोष्टी सांगता अन् त्या लोकायले पटतात. माही खरी कोणाले पटून नाई राह्यली.”

 मी तसाच सरळ बसथांब्यावर गेलो.

३

जळगाव जामोदला मंजुश्री म्याडम राहतात. ढोरांच्या डॉक्टरीण, आता निवृत्त. त्यांच्याबद्दल मी जे सांगतो ते निम्मं खरं आहे, पण कोणतं निम्मं ते मलाही नक्की ठाऊक नाही. त्यांनी एकदा म्हशीच्या कानाला हात लावून सांगितलं होतं की हिच्या मालकाचं भावाशी भांडण चालू आहे. म्हैस चार दिवस अर्धपोटी होती, वैरण कोणी टाकायची यावरून दोन भाऊ भांडत होते.

मी सगळी हकिगत सांगितली. म्याडमनी चहा संपवला.

“माह्या पेशंटांनी मले कधी काही सांगितलं नाई, निवृत्तीभाऊ,” त्या म्हणाल्या. “म्हणून त्यायनं मले कधी फसवलंही नाई. चला, मोतीरामभाऊंना पाहून येऊ. त्यायले बोलता येत नाई हे बरंच झालं.”

बसमध्ये मी विचारलं, हे तेल मुळात विषच आहे का. त्या हसल्या. कोंबड्यांच्या शेडमध्ये पाण्यातून थेंब-थेंब देतात म्हणाल्या, जंतूंना ते सोसत नाही, काचेच्या नळीत तर बुरशीही आडवी पडते. त्यांच्या स्वतःच्या पायाच्या बोटांतली चिखली तिळाच्या तेलात मिसळून लावल्यावर गेली होती. माणसाच्या पोटात गेल्यावर ते काय काय करतं हे मात्र अजून कोणाला पुरतं ठाऊक नाही. साखरेची गोळी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जपून, पोटुशी बाई असेल तर नकोच, आणि निखळ कोणालाच नको.

“एक चमचा निखळ तेल म्हणजे पाटीभर पाला,” त्या म्हणाल्या. “बकरीसुद्धा एका घासात पाटीभर खात नाई.”

दवाखान्यात मोतीरामभाऊ नळी लावून पडले होते. आम्हाला पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. म्याडमनी नाडी पाहायला घ्यावा तसा त्यांचा उजवा हात घेतला, आणि मग वासराचा खूर उलटून बघतात तसा तो उलटला. अंगठा आणि पहिली दोन बोटं लाल झाली होती, साल निघत होती. मला वाटलं शेकोटीला भाजलं असेल. भाऊंनी हात ओढून पांघरुणात घेतला.

“चष्मा लावून देऊ का?” म्याडम म्हणाल्या आणि उशाची चष्म्याची डबी उघडली. चष्म्याखाली चार घड्या घातलेला कागद होता. रंगीत, छापील. त्यावर लिहिलं होतं: ओरेगॅनो तेल, साखर, बीपी, सांधे, खोकला, सगळ्यांवर एकच. खोबरेलात मिसळून रोज एक चमचा. किती मिसळायचं ते नव्हतं. खाली कुलदीपच्या दुकानाचं नाव होतं.

म्याडमनी कागद वाचला, घडी घालून परत ठेवला, चष्मा पुसून भाऊंच्या डोळ्यांवर चढवला. एक प्रश्न विचारला नाही.

बाहेर आल्यावर मला राहवेना. कुलदीपने यांना विष दिलं का, मी विचारलं.

“कुलदीप दहाच्या बसनं आला, भाऊ तं त्याच्या आधीच पडले,” त्या म्हणाल्या. “तुमी मले दुसरंच सांगा. एकच बाटली, एकच लाल दोरा. त्या बाटलीतल्या पहाटेच्या चमच्यानं माणूस आडवा होतो अन् दुपारच्या चमच्यानं ढेकर येतो. मधी कोणी बाटलीत काही घातलं नाई, काही काढलं नाई. मंग काय बदललं?”

मी एकतीस वर्षं लोकांना न सुटणाऱ्या गोष्टी सांगत आलो. ही मात्र माझ्याही गळी उतरेना.

४

शनिवारी म्याडम आमच्या गावात आल्या. त्यांनी बाकी काही केलं नाही, तीन माणसांशी बोलल्या.

आधी सुभद्राबाई. गुरुवारी पहाटे तुम्ही कुठे होतात? गोठ्यात, दूध काढत होते. भाऊ पडल्यावर बाटलीचं काय केलं? सुभद्राबाई चिडल्या. माणूस मरणाच्या दारात आणि ही बाटलीचं विचारते. मग म्हणाल्या की खाटेजवळची उचलली आणि जागेवर ठेवली. म्याडमनी विचारलं, जागा कोणती?

“भिताडावर. सकाळी सगळ्या बाटल्या तथीच ठेवत असतो, माह्या डोक्याच्या तेलाची, यायच्या औषधाची. रोज न्याहारीनंतर तथूनच उचलून देतो. चमचा घासून टाकला. हाताले सवय असते, बाई, माणूस पडला तरी हात काम करूनच राह्यतात.”

म्याडम जाऊन अंगणाच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. पूर्वेकडची भिंत, तिच्यावर ओळीने चार बाटल्या, त्यांच्यावर ऊन. मी पण पाहिलं. मला चार बाटल्या दिसल्या. म्याडमना काय दिसलं कोण जाणे, त्या इतका वेळ बघत राहिल्या की त्यांच्या पायाजवळची सावली चपलेवर चढली.

मग कुलदीप. तो ऐटीत होता. ओरेगॅनो उखडला तरी त्याला फरक पडत नव्हता, तेल तो बाहेरून मागवून विकत असे. अर्पिताने आपलं तेल त्याच्या दुकानात ठेवायला नाही म्हटलं होतं, त्याच्या कागदावर थेंबांचा हिशोब नाही म्हणून. म्याडमनी त्याला फक्त चव विचारली.

“गोड. जरासा ओव्याचा वास. पातळ, मस्त.”

“पातळ होतं?”

“तेल आहे म्याडम, पातळच असणार ना.”

“हाव,” म्याडम म्हणाल्या, “तेच म्हणते मी.”

अर्पिता खोलीत कपडे भरत होती. कपाटात निखळ तेलाची बाटली, शेजारी रबरी हातमोजे. निखळ तेल बोटाला लागलं तर सोलून काढतं, म्हणून ती मोज्यांशिवाय बाटलीला हात लावत नाही, तिने सांगितलं. तिचे हात म्याडमनी निरखून पाहिले. गव्हाच्या पिठासारखे स्वच्छ होते.

“गुरुवारी पहाटे या खोलीत कोणी आलं होतं?”

ती म्हणाली, मी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून भाकरी थापत होते, पण कोणी आलं असतं तर कळलं असतं. सासूबाई गोठ्यात, हे वावरात. राहिले मामाजी, म्हणजे सासरे. मामाजी माजघराच्या उंबऱ्यावर आले की खाकरतात, म्हणजे सुनेने पदर सावरावा. चार वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

“अन् त्या दिवशी?”

“खाकरले नाईत. म्हणजे आलेच नाईत,” ती म्हणाली. मग थांबली. “खोकलेबी नाईत. तीन हप्ते रात्रंदिवस खोकला चालू होता, अन् त्या पहाटे एकदम चूप. मले वाटलं, गुण आला माह्या तेलाचा. मी देवापुढं साखर ठेवली.”

म्याडमनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी एकदाच पाहिलं होतं, आडव्या आलेल्या वासराचे पाय त्यांच्या हाताला लागले तेव्हा.

“निवृत्तीभाऊ,” त्या म्हणाल्या, “घरी काचेची रिकामी बाटली आहे का? आरपार दिसणारी. अन् तुमच्या त्या टकलाचं तेल.”

५

रविवारी सकाळी सात वाजता जीप आली. अर्पिताचा भाऊ खाली उतरलाच नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. तिची बॅग ओट्यावर. सुभद्राबाई दारात, कुलदीप आदल्या रात्री मुक्कामाला राहिलेला. राजकुमार दवाखान्यात बापाजवळ.

म्याडम माझ्याकडे मुक्कामाला होत्या. त्या अंगणाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. हातात माझी सरबताची रिकामी बाटली, तिच्यात अर्धी बाटली खोबरेल. ती रात्रभर माझ्या ओट्यावर उघड्यावर होती. तेल चुन्यासारखं पांढरं, घट्ट.

“सुभद्राबाई, कालच्या भाजीची तर्री आहे का?”

सुभद्राबाईंना वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण आमच्याकडे तर्री मागितल्यावर कोणी नाही म्हणत नाही. वाटीभर लालभडक, कोमट तर्री आली. म्याडमनी ती गार होऊ दिली, मग वरचं तेल चमचाभर काढून बाटलीत ओतलं. लाल तेल पांढऱ्या तेलावर जाऊन बसलं. म्याडमनी बूच लावलं आणि बाटली जोरात हलवली.

“मिसळलं?”

नव्हतं मिसळलं. पांढरं जागचं हललं नव्हतं. लाल तेवढं वर डचमळत होतं.

“ही बाटली काचेची आहे म्हणून तुमाले दिसतं. भाऊंची तपकिरी होती. अन् पहाटेचा अंधार.” त्यांनी चमचा धरला, बाटली तिरपी केली. चमचा काठोकाठ लाल झाला. बाटलीत मागे उरलं ते पांढरंशुभ्र खोबरेल.

 जीपचं इंजिन बंद झालं.

“एक चमचा वर ओतला, तोच एक चमचा बाहेर आला,” म्याडम म्हणाल्या. “मंग सुभद्राबाईंनी बाटली रोजच्यासारखी उन्हात ठेवली. खालचं तेल पातळ झालं, ते अर्पितानं मिसळलं होतं तसंच, थेंबाच्या मापाचं. दुपारी कुलदीपनं ते प्याल्यावर ढेकरच येणार.”

मी कपाळावर हात मारून घेतला. विळीवर केलेल्या फोडी मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितल्या होत्या आणि तुम्ही हसलात. पण खरं सांगतो, मला स्वतःलाही माझ्या थापेतला तो एक खरा दाणा दिसला नव्हता.

कुलदीप म्हणाला, पण वरून ओतलं तिनंच ना, कपाट तिचं आहे.

म्याडमनी शांतपणे एकेक सांगितलं. ज्याने ओतलं त्याने मोजे घातले नव्हते. अर्पिताच्या बोटांवर डाग नाही आणि एका माणसाच्या उजव्या हाताची तीन बोटं सोलली आहेत. चहातून कोणी पाजलं म्हणावं तर पहिल्या घोटालाच माणूस कप फेकून देईल. हे तेल चमच्याने एकदम घशात टाकलेलं आहे, जिभेला कळायच्या आत, आपल्या हाताने. ज्याने टाकलं त्याच्या चष्म्याच्या डबीत कुलदीपचा कागद आहे. सून सांगते थेंब, कागद सांगतो चमचा. त्याने दोघांचं ऐकलं. खोबरेलात मिसळलं आणि चमचाभर घेतलं. साखरेची गोळी आधीच पोटात होती. घसा पेटल्यावर न्याहारीचा घास उतरेना, हाक मारायला आवाज निघेना. साखर उतरत गेली आणि दीड तासाने ते अंगणात पडले.

“माहे मालक?” सुभद्राबाई म्हणाल्या. “ते सुनेच्या खोलीत जातील? खाकरल्याबिगर माजघरात पाय नाई टाकला त्यायनं.”

“म्हणूनच खाकरले नाईत. चोरून जायचं होतं.”

तेव्हा मला कळलं. तीन आठवड्यांचा खोकला. छातीत उबळ घेऊन सत्तरीचा माणूस सुनेच्या पाठीमागून गेला, कपाट उघडलं, बूच काढलं, ओतलं, परत आला, आणि एवढ्यात एकदाही खोकला नाही. भरलेली एसटी घाटाच्या उतारावर नुसत्या हातब्रेकवर थांबवून ठेवावी तसा त्याने तो खोकला थांबवून ठेवला होता. औषधासाठी. खोकल्याच्याच औषधासाठी.

सुभद्राबाईंनी राजकुमारला फोन लावला आणि बापालाच विचारायला सांगितलं.  जरा वेळाने त्याने सांगितलं. बापाला विचारलं, तर त्यांनी मान हलवली आणि रडायला लागले. सुनेला धाडतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता ऐकल्यावर हाताची सलाईन उपटून घरी न्या म्हणून खुणा करत आहेत, दोन नर्सनी धरून ठेवलंय.

म्याडम कुलदीपकडे वळल्या. त्याच्या पिशवीत त्या कागदांचा गठ्ठा होता, त्याने तो आपणहून काढून ओट्यावर ठेवला. सुभद्राबाईंनी गठ्ठा उचलला आणि पाणी तापवायच्या बंबात घातला. मग ओट्यावरची बॅग उचलली, आत नेऊन सुनेच्या खाटेवर ठेवली, आणि तिच्यातलं एकेक लुगडं काढून घड्या घालायला बसल्या. माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. पण सगळी बॅग रिकामी होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

अर्पिताच्या भावाने चहा घेतला. मग जीप रिकामीच परत गेली.

६

मोतीरामभाऊ पुढच्या शुक्रवारी घरी आले. डॉक्टरांनी बोलायला आणखी आठ दिवस बंदी केली होती. दुपारी भट्टी चालू होती. नळीच्या तोंडाशी थेंब धरत होता, फुगत होता, पडत होता. मी शेडमध्ये खोक्यावर बसून तेच बघत होतो. इतकं झाल्यावरही त्या थेंबावरून माझी नजर हटत नाही. मूठभर रान आणि एवढासा थेंब. तो कोंबड्यांना जगवतो, पायाची बुरशी नेतो, आणि माणसाने घाई केली तर आडवा करतो. थेंब तोच असतो, आपला हात कमी-जास्त होतो.

अर्पिता दाराकडे पाठ करून मोजे घालत होती.

बाहेर पावलं वाजली आणि थांबली. शेड काही माजघर नाही, तिथे उंबरा नाही, पडदा नाही. सासऱ्याने सरळ आत यावं अशी जागा. पण पावलं थांबली होती. मी वाकून पाहिलं. भाऊ उभे होते, उजव्या हाताच्या तीन बोटांना पट्टी. त्यांनी एकदा घशाला हात लावला, दुखत असणार. डोळे मिटले.

आणि ते खाकरले.

सुक्या लाकडावर करवत एकदाच ओढावी तसा आवाज. अर्पिताचे हात थांबले. तिने पदर नीट केला, वळली नाही. तिचे खांदे हलले ते मला दिसलं.

“या मामाजी,” ती म्हणाली.

ते आत आले. डाव्या हातात औषधाचे थेंब मोजून घालायची काचेची नळी होती, दवाखान्यातून आणलेली असावी. त्यांनी ती तिच्यापुढे धरली आणि पट्टीच्या हाताचं एक बोट वर केलं. एक. एकच थेंब.

मी आजवर हजार गोष्टी दुप्पट करून सांगितल्या आहेत. ते खाकरणं मात्र जेवढं होतं तेवढंच सांगतो आहे.